चारचा स्लॉट

मी नाशिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चारचा स्लॉट दादूचा. नऊ वर्षांचा, ऑटिझम. आई त्याला सातपूरहून बसने आणते. खिडकीची जागा मिळाली नाही तर पठ्ठ्या चढतच नाही, म्हणून दोन-दोन बस सोडाव्या लागतात. परवा ती एकटीच आली.

"मॅडम, आज त्याला नाही आणलं. फी देते. मला जरा वेळ इथं बसू द्या."

खरं सांगते, मला आधी रागच आला. वेटिंगला मुलं असताना स्लॉट वाया! पण तिचे डोळे बघून गप्प बसले. झोपाळ्याखालच्या मॅटवर ती भिंतीला टेकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी ट्यूबलाइट बंद केली.

मग त्याची फाइल काढून बसले. ऑटिझम किती आहे ते मोजणाऱ्या इसा चाचणीचे 40 प्रश्न. नजर देतो का, एकच शब्द परत परत बोलतो का. गुण 107 ते 153 च्या दरम्यान, म्हणजे मध्यम. आई किती झोपते, हे त्यात कुठेच नाही. माझ्या फॉर्मातही नव्हतं.

पाऊण तासाने दचकून उठली. "मग दादू कुणाकडे?" मी विचारलं.

"शेजारच्या काकूंकडे."

केस कापायला तो तयार व्हावा म्हणून मी चित्रांची पट्टी करून दिली होती: आधी कात्री, मग खाऊ, मग घर. हिनं तशीच एक स्वतः केली. काकूंचा फोटो, मटार, मग आईचा फोटो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं दाराआड उभी राहिली. वाढवत वाढवत चार महिन्यांनी दोन तासांवर आली.

'आमच्यानंतर कोण?' हे मला प्रत्येक आई विचारते. मी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा सांगते. अठराव्या वर्षानंतरचं पालकत्व, ते ठरवणारी जिल्हाधिकाऱ्यांची समिती, लागणारे कागद. हिनं कागदांची वाट न बघता शेजारणीपासूनच सुरुवात केली होती.

मोबाइल वाजला. काकूंनी फोटो पाठवला होता: उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत मटारच्या शेंगांची सरळ रांग. सोललेली एकही नाही.

"आता भाजी कसली होतेय!" ती हसली आणि चप्पल चढवली. मी म्हटलं, थांबा, चहा घेऊन जा.

"नको मॅडम. आज येईल ती पहिली बस पकडते. उभ्यानं गेले तरी चालतंय."