वूड्स होलच्या कुप्यामागे, कयाकमधून

बॉस्टनकडची मराठी मंडळी केप कॉडला जातात ती लॉबस्टर रोल खायला आणि नॉब्स्का दीपगृहासमोर फोटो काढायला. सप्टेंबरात मात्र १८७६ च्या त्या लोखंडी मनोऱ्यासमोरच्या पाण्यात वेगळीच जत्रा भरते. फॉल्स अल्बाकोर नावाचा छोटा टूना तेव्हा केप कॉड आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या मधल्या सामुद्रधुनीत, व्हिनयार्ड साउंडमध्ये, शिरतो आणि त्याच्यामागे गळवाले. कोकणात कुपा किंवा गेदर म्हणतात त्याचा हा अटलांटिकमधला चुलतभाऊ. वजन तीन-चार किलो, आणि पाठीवर पोराने शाईने गिरगटल्यासारख्या रेघा.

मूळचा मालवणचा माझा एक मित्र केप कॉडवरच्याच फॉलमाउथला राहतो. त्याच्याकडे पायाने चालवायच्या दोन कयाक आहेत. फ्लाय फिशिंगला दोन्ही हात लागतात, त्यामुळे वल्ह्याच्या कयाकपेक्षा या बऱ्या. वल्हं ठेवा, रॉड उचला, तोवर मासे गेलेले असतात.

या प्रकारात वजन आमिषाला नसतं, दोराला असतं. जाडसर दोर हवेत मागे-पुढे खेळवून फेकायचा. त्याच्या टोकाला फ्लुरोकार्बनचा पारदर्शक बारीक धागा आणि त्याला गळावर केस-पिसं बांधून केलेली नकली मासोळी. मित्राचा भरवसा क्लाऊजर मिनो नावाच्या मासोळीवर. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाऊजरने ती १९८० च्या दशकात नदीतल्या बास माशांसाठी बांधली होती, पण आता ती खाऱ्या पाण्यातही सगळीकडे चालते. रॉड ९ फुटी, ९ किंवा १० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका रॉड दणकट). पैसे वाचवायचेच तर रॉडवर वाचवा, रिळावर नको. त्यावर निदान २०० यार्ड बॅकिंग, म्हणजे मुख्य दोरामागचा राखीव बारीक दोर, हवं आणि ब्रेक गुळगुळीत हवा, कारण हा मासा पहिल्याच धावेत शंभरेक यार्ड दोर घेऊन जातो.

बसून दोर फेकणं हे वेगळंच शिक्षण. उभ्याने जमतं त्याच्या निम्मं अंतर धरा. मागचा दोर पाण्याला लागतो, त्यात वारा. शिवाय ओढून घेतलेला दोर मांडीवर, पायात, पेडलभोवती पसरतो. मासा लागला की हाच दोर झपाट्याने वर उडतो आणि पेडलला अडकला तर तुटलाच म्हणून समजा. त्यावर मित्राचा उपाय साधा: मोठा ओला टॉवेल पेडल-बिडल झाकून मांडीवर पसरायचा आणि दोर त्यावर सोडायचा. मागे वळून पाहायचा तेव्हा तो आधी माझा टॉवेल तपासायचा.

पण खरी गोष्ट प्रवाहाची. नॉब्स्काजवळच्या वूड्स होलच्या अरुंद सागरी वाटेत भरती-ओहोटीचा ओघ ४ नॉटच्या (ताशी सुमारे साडेसात किलोमीटर) वर जातो. कयाकवाल्याने त्याच्याशी झुंजायचंच नाही. नवख्याने तर त्या वाटेत शिरूच नये, शिवाय तिथेच मार्थाज व्हिनयार्डच्या फेरीबोटींची ये-जा. आम्ही बाहेर किनाऱ्याजवळ, वळणाऱ्या प्रवाहाच्या कडेला थांबलो. सिल्व्हरसाइड आणि आपल्या मांदेलीच्या नात्यातली बे अँचोव्ही ही कुप्याच्या खाण्यातली छोटी मासळी तिथेच कोंडली जाते.

दूरवर सुरय पक्षी पाण्यावर कोसळायला लागले, पाणी उकळल्यासारखं झालं, आणि मी पेडल मारायला लागलो. "थांब मरे, येतले ते!" मित्र ओरडला. तेवढ्यात दोन मोटरबोटी त्या घोळक्यावर धावून गेल्या आणि पाणी क्षणात सपाट. मासे बुडी मारून निघून गेले. बोटवाले दिवसभर हेच करत होते. मोटर नसणं हाच कयाकचा फायदा, हे मला तेव्हा पटलं. थोड्या वेळाने तोच घोळका आमच्यापासून वीसेक फुटांवर फुटला.

दोर टाकला, रॉड काखेत दाबला आणि दोन्ही हातांनी भराभर दोर ओढायला लागलो. झटका बसला की रॉड वर उचलायचा नाही, हाताने दोर खेचूनच गळ रुतवायचा. मग टॉवेलवरचा दोर उडाला, रीळ किंचाळलं आणि कयाकचं नाक आपोआप माशाकडे वळलं. त्याने मला बराच लांब ओढत नेलं. ते बरंच, कारण कयाकच्या ओझ्याने तोच दमतो.

जवळ आल्यावर शेपटीच्या मुळाशी धरायचा. तिथे तो मनगटाहून बारीक, पण लाकडासारखा टणक, आणि सगळं अंग विजेच्या मोटरगत थरथरत असतं. सोडताना डोकं खाली करून पाण्यात जोरात सोडायचा. पोहणं थांबलं की कल्ल्यांतून पाणी वाहत नाही आणि तो गुदमरतो.

इथले लोक त्याचं गर्द लाल मांस खात नाहीत. मालवणच्या माणसाला ते कसं पटावं? एक ठेवला, लगेच रक्त काढून बर्फात घातला, रात्री तिरफळ घालून तिखलं केलं. वास अजिबात नव्हता, पण मांस कोरडं. माझं मत विचाराल तर बांगडाच बरा.

जाणार असाल तर वय १६ किंवा त्याहून जास्त असल्यास मॅसेच्युसेट्सचा खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना काढा. १५ सप्टेंबर ते १५ मे कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगात असणं हा तिथला कायदाच आहे, पण त्याआधीही घाला. समुद्रात मदत मागायला व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संच) जवळ असू द्या. आणि शनिवार-रविवार टाळा, मोटरबोटींपुढे निभाव लागत नाही.