दिलीतलं कुलूप

बालीहून पूर्व तिमोरच्या राजधानीला, दिलीला, विमानाने दोनेक तास. उतरल्या उतरल्या व्हिसाचे 30 डॉलर मोजले. पूर्व तिमोरचं चलनच अमेरिकन डॉलर, त्यामुळे सगळं महाग. पाव तेवढा परवडतो आणि त्याला म्हणतातही 'पाँव', कारण गोव्यासारखंच इथेही पोर्तुगीजांचं राज्य होतं. आम्हा गोव्यातल्या, पेडण्याच्या माणसांना जीव रमायला एवढं पुरतं.

पहिले दोन दिवस बघण्यात गेले. समुद्रकाठच्या डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा इंडोनेशियाने दिलेला. तेव्हा पूर्व तिमोर हा त्यांचा 27वा प्रांत, म्हणून उंची 27 मीटर! भेटवस्तूवर मालकी कोरण्याची ही तऱ्हा मला फार खटकली. असो. लिहायचंय ते कुलपाबद्दल.

होमस्टेतल्या माझ्या खोलीचं कुलूप आल्यापासून अडत होतं. तिसऱ्या संध्याकाळी मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. मालकीणबाईंना सगळे 'माना' म्हणतात, म्हणजे ताई. त्यांनी चाव्यांचा जुडगा पुढे केला, त्यातली एकही लागेना. भिंतीवर खिळ्याला एक गंजकी चावी वेगळी टांगलेली दिसली. मी हात घातला, तशा माना घाईघाईने 'लाए, लाए' म्हणाल्या. म्हणजे नको. पुढच्या वाक्यातला 'शावी' हा शब्द मला न सांगता कळला. आपली चावीही पोर्तुगीजांकडूनच आलेली.

बाकीचं त्यांच्या मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

7 डिसेंबर 1975ला इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. त्यानंतर जवळजवळ 24 वर्षांनी, 30 ऑगस्ट 1999ला, संयुक्त राष्ट्रांनी मतदान घेतलं. इंडोनेशियात राहून स्वायत्तता मान्य की अमान्य? अमान्य म्हणजे स्वातंत्र्य. आणि बंदोबस्त कोणाकडे, तर इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे! हा करार ज्यांनी केला त्यांना रात्री झोप कशी लागली असेल, देव जाणे.

माना तेव्हा विशीत होत्या. पहाटे अंधारात रांगेत उभ्या राहिल्या. घराला कुलूप घातलेलं, सासू गाठोडं आणि तान्ह्या मुलीला घेऊन आधीच डोंगराकडे निघालेली. मत दिलं आणि केंद्रावरूनच त्याही डोंगराची वाट चालू लागल्या. घरी परतणाऱ्यांचं काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

इथे मी विचारलं, "मत कोणाला दिलंत?"

मुलाने भाषांतर करायचंच टाळलं. माझं मलाच ओशाळं झालं.

4 सप्टेंबरला निकाल लागला. 78.5 टक्के लोकांनी 'अमान्य' म्हटलं होतं. डोंगरात रेडिओवर ऐकलं, पण आवाज खाली जाईल म्हणून कोणी ओरडलं नाही. खाली शहर जळत होतं. इंडोनेशियाच्या सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी माणसं मारली, लाखोंना पश्चिम तिमोरात पिटाळलं. 20 सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज आली, त्यानंतर कधीतरी माना खाली उतरल्या. घराच्या चार काळ्या भिंती उरलेल्या. छप्पर नाही, दार नाही. कमरेला खोचलेली चावी तेवढी शाबूत.

हे सांगताना त्या हसल्या, चक्क खळखळून. मला काही हसता येईना.

मला आजोबा आठवले. गोव्यात 16 जानेवारी 1967ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. आजोबांचं फूल हरलं. त्यांनी आठवडाभर घरात अबोला धरला, त्यापलीकडे काही घडलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट आजही मोठं दुःख म्हणून सांगतात. मानांना मी ती सांगितली नाही.

जेवायला त्यांनी भात, तळलेला मासा आणि कसलीशी झणझणीत चटणी वाढली. पैसे घेतले नाहीत. मग मुलाला पाठवून माझ्या कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायला लावले. तरी ते लागलं नाही. दाराला खुर्ची लावून झोपले.