शिक्का 6 चा, माल 7 चा

मंडळी, आपल्या शिडाच्या बोटीच्या इंजिनाचा 6 पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जेवढे इंच पुढे सरकतो ते) अखेर आला, बसला आणि इंजिन 4,700 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, जाऊन अडलं. जुन्या 8 वर ते 4,500 देत होतं. दोन इंच उतरवून जेमतेम दोनशेची वाढ? ढोबळ हिशेब असा की पिच इंचभर उतरला की 150 ते 200 आरपीएम वाढतात. आपलं 6 एचपी फुल थ्रॉटलला 5,000 ते 6,000 मागतं. त्याखाली रेटत राहणं म्हणजे कसारा घाट टॉप गिअरमध्ये चढणं.

आधी संशय टॅकोवर, म्हणजे आरपीएम मोजायच्या मीटरवर. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्तातला आहे, पण एका फेऱ्याला एक ठिणगी हे सेटिंग बरोबर असेल तर लेझरवाल्यापेक्षा मला तोच भरवशाचा वाटतो. सेटिंग बरोबर होतं. कार्ब्युरेटर साफ, प्लग नवा, तळाचं शेवाळ घासलेलं. नाशिकच्या गंगापूर धरणावर वाऱ्याच्या दोन्ही दिशांनी पळवून सरासरी काढली. आकडा हलेना.

मग पंखाच काढून अंबडला टूलरूमवाल्या मित्राकडे नेला. सरफेस प्लेटवर ठेवून त्रिज्येच्या 70 टक्क्यांवर बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) लावला. व्यास 7.8 इंच, म्हणजे तिथला परीघ सुमारे 17.15. खऱ्या 6 ला कोन 19.3 अंश यायला हवा. तिन्ही पात्यांना आला 22 च्या थोडा वर! टॅन लावून गुणलं की पिच बरोबर 7. एक इंच उतरला, दोनशे वाढले. इंजिन पहिल्यापासून खरंच बोलत होतं. दुकानदाराला फोटो पाठवले तर उत्तर, ‘साहेब, शिडाच्या सगळ्या बोटींना हाच चालतो.’ चालतो हो, धावत नाही.

तरी फायदा दिसलाच. रिव्हर्सला बोट आता लवकर थांबते, धक्क्याजवळ जीव मुठीत धरावा लागत नाही. वेग म्हणाल तर होता तेवढाच. वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या रेषेवरची बोटीची लांबी, 16 फूट, म्हणजे हल स्पीड (अशा बोटीच्या वेगाची व्यवहारातली मर्यादा) 5.4 नॉटच्या आसपास. त्यापुढे जास्त पिच नुसतं इंजिनाच्या छातीवर बसतं.

विचार होता व्यास 7.5 पर्यंत उतरवायचा. भार व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्यानेही 5,000 गाठता येतील. कानसही काढून ठेवली होती. पण हे लिहितानाच ध्यानात आलं, आपण समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंचीवर आहोत. दर 300 मीटरला साधारण 3 टक्के ताकद जाते, म्हणजे इथे 6 टक्के आधीच गेली. मांडव्याला समुद्रावर उतरलो की ती परत मिळेल आणि हाच 7 बराच सुसह्य होईल. तेव्हा कानस परत पेटीत. 7 समुद्रासाठी राखायचा, धरणासाठी खरा 6 शोधायचा. मांडव्याचे आकडे आले की टाकतो.

कुणाकडे 7.8 व्यासाचा 6 पडून असेल तर कळवा, पण शिक्क्याचा नको, पात्याचा कोन मोजून.