तुम्ही विचारलंत म्हणून: तयार मिळतो, मग कशाला?

दोन दोऱ्यांच्या पतंगाला आणखी दोन दोऱ्या जोडून मी त्याचा चार दोऱ्यांचा करतो, आणि भेटेल तो विचारतो: चार दोऱ्यांचा पतंग तयार मिळतो, मग दोन दोऱ्यांच्या चांगल्या पतंगाचं वाटोळं कशाला करता? नाशिकच्या सातपूरला जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, गंगापूर धरणाच्या काठावर, सगळीकडे हेच. एकदाचं लिहून टाकतो.

पैशाचं कारण मी बरीच वर्षं पुढे केलं. ते अर्धंच खरं. जोडाजोडीत जेवढ्या कार्बनच्या काड्या मोडल्या, तेवढ्यात एक तयार पतंग आला असता. हिशेब बायकोकडे आहे, तिला विचारू नका.

खरं कारण थांबण्याचं आहे. दोन दोऱ्यांचा पतंग पळतो म्हणून हवेत टिकतो. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, मजा येते. पण एका जागी उभं राहा म्हटलं की जरा लटकतो आणि घसरतो. चार दोऱ्यांना प्रत्येक हातात एक वाकडी मूठ. मुठीच्या वरच्या टोकाची दोरी पतंगाला पुढून धरते, खालच्या टोकाची मागून. खालच्या दोन्ही ताणल्या की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि तो थबकतो. आणखी ताणल्या की उलट्या पावली मागे येतो.

कण्णी मी आहे तशी ठेवतो. वरच्या दोऱ्या जुन्याच फासात. खालच्या दोऱ्या पंखांच्या टोकाला, पुढच्या कडेची काठी संपते तिथे. नुसत्या कापडाला बांधल्या तर फाटतं. चारही दोऱ्या एका खुंट्यावरून ताणून सारख्या करायच्या, बोटभर फरक राहिला तरी पतंग एका अंगाला जातो. इथवर कोणीही करेल. पुढे अडतं. या पतंगाचं कापड नाकाकडून शेपटाकडे जाणाऱ्या वाऱ्यासाठी कापलेलं असतं. उलटा चालवला की मागची कड वाऱ्यासमोर येते, त्या कडेला काठीच नाही, कापड दुमडतं आणि पतंग गिरकी घेतो. सॅन दिएगोच्या हॅड्झिकी भावांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘रिव्होल्यूशन’ काढला, तो मुळातच चार दोऱ्यांसाठी: वर एक सरळ नळी, तिच्या खाली दोन उभ्या काठ्या, खालच्या दोऱ्या थेट त्या काठ्यांच्या टोकांना. एका पाहुण्याचा मी उडवून पाहिलाय. सांगितलं तिथे थांबला. दहा मिनिटांत मला कंटाळा आला. माझा लंगडत थांबतो, पण कुठली दोरी काय करतेय ते हाताला कळतं.

आता दुसरा प्रश्न, जो तुम्ही हळू आवाजात विचारता: ‘एवढं झालं, तरीही?’

झालं ते असं. संक्रांतीच्या आधीचा रविवार, ईदगाह मैदान. मी पतंग खाली उतरवला होता, दोऱ्या ताणलेल्याच होत्या. स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले, चाळिशीचे. गळ्याला मफलर. “हा कसला मांजा?” म्हणाले. मी म्हटलं, मांजा नाही काका, डायनिमाची, म्हणजे मजबूत सिंथेटिक धाग्याची दोरी आहे, काच नाही, मी पेच लावत नाही. त्यांनी मफलर खाली केला. कानाखालून कंठापर्यंत गुलाबी व्रण, टाक्यांच्या खुणांसकट. तोवर गर्दी जमली. कोणीतरी गाडीवरून पेरू आणला. “ताणून धरा,” काका म्हणाले. मी धरली. त्यांनी पेरू दोरीवर दाबून सर्रकन ओढला. साल उघडली, आतला पांढरा गर दिसला. गर्दी एकदम गप्प.

मी म्हणालो, मी सांभाळून उडवतो. ते म्हणाले, “मला कापलं तोही सांभाळूनच उडवत असेल.” ते वळले तेवढ्यात एका पोराने ब्लेड काढून चारही दोऱ्या कापल्या. त्याला कोणी अडवलं नाही. मीसुद्धा.

घरी येऊन मी वाद जिंकत बसलो. माझी दोरी संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येते, झाडावर लोंबकळत राहत नाही. शिवाय कोणी समोरून चालत आलं तर मी पतंग वर थांबवून ठेवू शकतो, दोन दोऱ्यांवर ते जमत नाही. म्हणजे माझा खटाटोप उलट सुरक्षितच! मग स्वतःलाच म्हटलं, थांबलेल्या पतंगाच्याही दोऱ्या ताणलेल्याच असतात, आणि आता त्या दोनाच्या चार, माझ्यासमोर गळ्याच्या उंचीवरून वर जाणाऱ्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2017 च्या आदेशात नायलॉन किंवा कुठल्याही सिंथेटिक धाग्याच्या मांजावर बंदी आहे. शब्दावर बोट ठेवलं तर मीही त्यात बसतो. वकील मित्र म्हणतो, तो आदेश तुझ्यासारख्यासाठी नाही. लिहून दे म्हटलं तर चहा मागवतो.

संक्रांतीत मी आता मैदानावर जात नाही. मे महिन्यात, दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की धरणावर जातो, तिथे समोर पाणीच असतं. हे उत्तर आहे की पळवाट, माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

सध्या मागच्या कडेत फायबरची बारीक काडी ओवून पाहतोय. उलटं चालणं सुधारलंय, पण वजन वाढल्याने हलक्या वाऱ्यात उठत नाही. आणि तयार पतंगाची लिंक कृपया पाठवू नका. ती सगळ्यांनी पाठवून झाली आहे.