फोनवरचं नेट, दीड केबीतलं

आताच्या पोरांना खरं वाटणार नाही पण मोबाईलवर नेट लावणं म्हणजे सुरुवातीला चक्क कॉल लावणंच होतं, ९.६ केबीपीएस स्पीड आणि बिल मिनिटांवर, म्हणजे तुम्ही नुसते पानाकडे बघत बसलात तरी मीटर चालूच. १९९९ मध्ये वॅप (म्हणजे मोबाईलसाठीचं साधं नेट) ब्राउझरवाला नोकिया ७११० आला. त्यावर नेहमीची वेबसाइट उघडायचीच नाही, साइटवाल्यांना डब्ल्यूएमएल या वॅपच्या भाषेत वेगळी पानं बनवावी लागायची आणि तीही साधारण दीड केबीच्या आत, नाहीतर फोन सरळ एरर देऊन मोकळा!

त्याच वर्षी जपानमध्ये आय-मोड ही मोबाईल नेटची सेवा सुरू झाली आणि माझ्या मते खरी अक्कल तिथे होती, कारण डेटा छोट्या तुकड्यांत म्हणजे पॅकेटमध्ये जायचा, पैसे मिनिटांवर नव्हे तर डेटावर, त्यामुळे लोक निवांत ईमेल करत बसायचे. बाकीकडे हे सुख जीपीआरएस, म्हणजे असंच पॅकेटवालं नेट, आल्यावर मिळालं.

पाम सेव्हन हा हातात मावणारा कॉम्प्युटर तर भारीच, अँटेना वर केला की नेटसाठीचा रेडिओ चालू.

ऑपेरा मिनी या ब्राउझरने मात्र कमाल केली राव. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर जायचं, तिथे पिळून बारीक व्हायचं, मग फोनवर यायचं, त्यामुळे साध्या जावा फोनवरही खरी वेबसाइट दिसायला लागली. टायपिंगचा वैताग तेवढा तसाच राहिला, पत्त्यातल्या www साठी तीनदा डब्ल्यू हवा तर ९ दाबा, थांबा, परत ९, परत थांबा...