बूट घालून थडग्यावर

ॲम्स्टरडॅमहून बोर्गरला पोचायला गाडीने दोन तास लागले. त्या तीन दिवसांतल्या सायकली, पॅनकेक, हॉटेलातली खुराड्याएवढी खोली, सगळं सोडून देतो. लिहायला बसलोय ते एका दगडामुळे.

नेदरलँड्सच्या ड्रेंथ प्रांतात बावन्न ‘हुनेबेड’ आहेत, म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची सामाईक थडगी. त्यातलं सगळ्यात मोठं हे बोर्गरचं. साडेबावीस मीटर लांब, वर आडवे टाकलेले नऊ धोंडे, त्यातले काही वीस टनांच्या आसपास. हिमयुगातल्या बर्फाने हे धोंडे स्कँडिनेव्हियाकडून इथवर ढकलत आणले. शेजारच्या संग्रहालयाला तिकीट आहे, थडग्याला काहीच नाही. ना कुंपण, ना पहारेकरी.

त्यामुळे व्हायचं तेच होतं. एक आजोबा नातवाला उचलून वरच्या धोंड्यावर बसवत होते. पाठोपाठ आणखी चार पोरं चढली. माझं डोकंच फिरलं. ‘आपल्याकडे असं केलं तर हेच लोक नाकं मुरडतील,’ असं मी बायकोला जरा मोठ्यानेच मराठीत ऐकवलं.

गंमत म्हणजे ही थडगी वाचली ती एका किड्यामुळे. १७३० च्या सुमारास जहाजांना लागणाऱ्या किड्याने (खरं तर तो शिंपल्यांचा भाऊबंद) समुद्राच्या बांधांचे लाकडी खांब पोखरून टाकले. मग बांधांना दगड हवे झाले, दगडांचा भाव वधारला आणि लोकांची नजर हुनेबेडांवर गेली. १७३४ साली ड्रेंथच्या कारभाऱ्यांनी हुकूम काढला, की या दगडांना हात लावायचा नाही. तोवर बरेच गेलेही होते. पुढे विसाव्या शतकात व्हान गिफेन या पुरातत्त्वज्ञाने जिथले दगड नाहीसे झाले होते तिथल्या खड्ड्यांत काँक्रीट भरून खुणा केल्या, किडक्या दातात सिमेंट भरतात तशा. अशा खुणा जमिनीत शोधायच्या नादात मी मनाने नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांपर्यंत जाऊन पोचलो. ती लोहयुगातली, म्हणजे यांच्यापेक्षा बरीच तरुण. शाळेच्या सहलीला आम्ही त्याच दगडांवर बसून पोळी-ठेचा खाल्ला होता. बाई समोरच होत्या, त्यांनीही खाल्ला.

एवढ्यात मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी पण?’

नाही म्हणायला हवं होतं. पण ढगांतून ऊन आलं होतं, ओला धोंडा चमकत होता. मी तिला वर चढवलं. ‘घसरशील, नीट बस,’ एवढंच बोललो. चार फोटो काढले. आजोबा माझ्याकडे बघून हसले, मीही हसलो.

संध्याकाळी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. ‘किती गोड’, ‘कुठे आहे हे’, अंगठे, बदाम. शेवटी नागपूरच्या काकांचा मेसेज आला:

‘थडगं आहे म्हणतोस ना? मग पोरीचे बूट तरी काढायचे होते.’