गूळ-आल्याची बिअर: पहिला घाणा

जवाची बिअर घरी करून बघायची माझी फार दिवसांची इच्छा. पण कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्याप्रमाणे ती करायला परवाना लागतो, तेव्हा तो विषय बाजूला ठेवला आणि आल्याची बिअर लावली. यीस्टचं वागणं तेच, फसफस तीच. फक्त बाटलीत पुरेसा गॅस धरला की लगेच गार करून आंबणं थांबवायचं, म्हणजे मद्यार्क जेमतेम राहतो. शिवाय बेळगावात गुळाला काय तोटा? रविवार पेठेत गेलं की हव्या त्या रंगाचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून मिळतो.

३ एप्रिल. विरजण लावलं. अर्धा लिटर पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर, आणि रोज तेवढंच आलं-साखर पुन्हा. आलं व्यवस्थित सोलून, खळखळून धुऊन घेतलं होतं. पाणी नळाचं, ताजं भरलेलं. ७ तारखेपर्यंत बरणी ढिम्म. वर पांढुरकी साय आली, खाली कीस तसाच बसलेला, आणि वास भिजवून विसरलेल्या कडधान्यासारखा. ओतून टाकलं.

चूक दोन ठिकाणी असू शकत होती, आलं सोलण्यात किंवा पाण्यात. म्हणून ८ तारखेला तीन बरण्या एकदम लावल्या. पहिलीत सालीसकट आलं आणि आमच्या शहापुरातल्या घराच्या आडाचं उकळून गार केलेलं पाणी. दुसरीत तेच पाणी, पण आलं सोललेलं. तिसरीत सालीसकट आलं आणि रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी, म्हणजे क्लोरीन उडून जावं.

पहिली बरणी १० तारखेच्या सकाळी जागी झाली. तळाला बसलेला कीस रात्रीत वर उचलला गेला होता, जाड थर होऊन तरंगत होता, आणि चमच्यानं दाबला की त्याखालून बारीक बुडबुड्यांची रांग सुटायची. झाकण फिरवलं तर ‘फिस्स’. कान लावला तर आत सतत झिरझिर चालू. तिसरी बरणी एक दिवस मागून आली, पण चांगली आली. सोललेल्या आल्याची दुसरी ११ तारखेलाही मरगळलेलीच होती. तेव्हा नवीन माणसानं पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही: आल्याची साल काढू नका. आपल्याला लागणारं रानटी यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू सालीवरच असतात. माती जाईल इतपत धुवा, घासू नका.

इंग्लंडमध्ये पूर्वी घरोघरी जे ‘जिंजर बिअर प्लांट’ सांभाळत, साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे, त्यांचा उलगडा वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ साली छापला. तो दाणा म्हणजे एकटं झाड किंवा बुरशी नव्हे, तर एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधारानं राहतात, हे त्यांनी दाखवलं. (हेच वॉर्ड आधी श्रीलंकेत कॉफीच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होते, हे वाचून मला फार आनंद झाला.) आपलं विरजण म्हणजे ते दाणे नव्हेत, पण भागीदारी तशीच, यीस्ट आणि जिवाणूंची. आईनं बरणी हुंगली आणि म्हणाली, “ह्ये तर आंबिलीचा वास मारालंय की रे!” बरोबर ओळखलं तिनं. नाचणीच्या आंबिलीतही असेच लॅक्टिक जिवाणू काम करतात.

१२ एप्रिल. घाणा लावायचा दिवस. सकाळी भाजी मार्केटात अक्कांकडं गेलो. मी आलं म्हणतो, त्या कानडीत शुंठी म्हणतात. इतक्या वर्षांत दोघांचंही कधी अडलं नाही. पाव किलो मागितलं, त्यांनी वर एक बोट जास्तीचं टाकलं.

पाच लिटरला प्रमाण असं धरलं: गूळ ५०० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम, तीन लिंबं आणि गाळलेलं विरजण पाव लिटर. गूळ पिवळाधमक न घेता काळपट घेतला. दीड लिटर पाण्यात आलं-गूळ पंधरा मिनिटं उकळलं. गुळाच्या पाण्याला मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायची, नाहीतर उतू जातं. नंतर मलमलच्या फडक्यातून गाळलं तर पातेल्याच्या तळाला चमचाभर काळी बारीक वाळू आणि उसाचे तंतू निघाले. साखरेवर केलेल्या कृती वाचून आलेल्यांनी हे गाळणं चुकवू नये. बाटलीत राहिलेला प्रत्येक कण गॅसला बाहेर पडायला जागा देतो, आणि मग झाकण उघडताना फेस आवरत नाही.

उरलेलं गार पाणी मिसळलं, हाताला कोमट लागेनासं झाल्यावर लिंबू आणि विरजण घातलं. गरम असताना विरजण घातलं तर यीस्ट मरतं. दुधाला विरजण लावणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. भांडं स्टीलचंच घ्यावं, आंबट पदार्थाला तांब्या-पितळेचं नको. हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे, म्हणजे त्यात साखर किती, ते दाखवणारी तरंगती नळी) १.०३३ दाखवत होता. माझा २० अंशांना बेतलेला आहे आणि पाणी २९ अंश होतं, म्हणून साधारण ०.००२ वाढवून १.०३५ धरले. वर फडकं बांधून भांडं कोपऱ्यात ठेवलं.

१३ एप्रिल संध्याकाळ. वर तपकिरी फेसाचं कडं धरलं होतं. वाचन, दुरुस्त करून, १.०३३. बाटल्या भरल्या: सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या आठ प्लास्टिक बाटल्या आणि तारेच्या क्लिपची एक काचेची. तोंडापासून दोन बोटं जागा सोडली. प्लास्टिक बाटली सोड्याचीच हवी. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती हा दाब धरत नाही.

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट, दाब. १ ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर पेयाला चांगली फसफस यायला ५ ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे १० ग्रॅम साखर. आपण घातलेला गूळ लिटरमागे १०० ग्रॅम. तो बंद बाटलीत सगळा आंबला तर ४० ग्रॅमच्या वर गॅस होईल, आणि तो कुठलीच घरगुती बाटली पेलणार नाही. गोटी सोड्याच्या बाटलीत गॅसच गोटीला वर रबराच्या कड्यावर दाबून तोंड बंद ठेवतो. हायरम कॉडनं १८७२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती बघत आपण लहानाचे मोठे झालो. पण त्या बाटलीत गॅस मोजून भरलेला असतो. आपल्या बाटलीत तो भरणारं यीस्ट जिवंत असतं आणि साखर संपेपर्यंत ते भरतच राहतं.

कृतींमध्ये सगळीकडं ‘बाहेर तीन दिवस ठेवा’ असं लिहिलेलं. १५ तारखेला पहाटे, म्हणजे दीडएक दिवसातच, प्लास्टिकच्या बाटल्या अंगठ्यानं दबेनाशा झाल्या. चैत्रातलं आमचं स्वयंपाकघर दुपारी ३१ अंशांवर जातं, तिथं थंड देशातल्या दिवसांचा हिशेब चालायचा नाही. आठही बाटल्या लगेच फ्रिजमध्ये आडव्या-तिडव्या कोंबल्या. काचेची मात्र मी तशीच ठेवली, कृतीतले तीन दिवस भरावेत म्हणून. १६ ला सकाळी मागच्या अंगणात तिच्यावर टॉवेल धरून क्लिप उचलली. निम्मी बाटली टॉवेलवर आणि माझ्या अंगावर. ती फुटली नाही हे नशीब. काच दाबून बघता येत नाही, आणि फुटली तर तुकडे डोळ्यापर्यंत येतात. यापुढं काचेची बाटली भरली तर तिच्याशेजारी त्याच घाण्याची एक प्लास्टिकची, आणि ती टणक झाली की दोन्ही एकदम फ्रिजमध्ये.

दोन्हीची वाचनं घेतली, गॅस निघून जावा म्हणून आधी दोन पेल्यांत दहा-बारा वेळा खालीवर ओतून. फुगे हायड्रोमीटरला वर ढकलतात, म्हणून हे करावंच लागतं. प्लास्टिकची १.०२८, काचेची १.०२५. साखर आंबते तसा हा आकडा उतरतो, आणि उताराला १३१ नं गुणलं की मद्यार्काचा टक्का मिळतो. पहिल्या आकड्यापासून ०.००७ उतार गुणिले १३१, म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीत मद्यार्क ०.९ टक्का. काचेचीत १.३.

१७ एप्रिलला दुपारी जेवणानंतर पहिली बाटली घरात फोडली. रंग फिक्या चहासारखा, वर पांढरा फेस, मिनिटभर टिकणारा. जिभेवर आधी लिंबू, मग गूळ, आणि शेवटी गुळाचीच एक हलकी खारट झाक, जी मला फार आवडली. साखरेच्या पेयात ती मिळणार नाही. आल्याचा तिखटपणा मात्र कमी पडला. उकळल्यानं आल्यातल्या तिखट जिंजेरॉलचं काही अंशी सौम्य झिंजेरोन होतं, म्हणून पुढच्या वेळी निम्मं आलं उकळणार आणि निम्म्याचा रस काढून गार पाण्यात घालणार. बाबांनी दुसरा पेला मागितला. आत्या म्हणाली, “जरा अजून आंबट हुंदे की.” म्हणजे विरजण घालून भांड्यात चोवीसऐवजी छत्तीस तास ठेवायला हवं.

फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, मंदावतं. आठवड्यात आठही बाटल्या संपवल्या, रोज एक दाबून बघत. विरजणाची बरणीही फ्रिजमध्येच आहे, दर रविवारी तिला चमचाभर आलं आणि चमचाभर साखर. दुसरा घाणा मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर लावणार आहे, तेव्हा घरात २४-२५ अंश असतील. प्रमाण हेच, गूळ त्याच दुकानातला. बाटली टणक व्हायला किती तास लागतात ते लिहून ठेवतो.